डॉक प्रुइटांचे दोन ते चार

डॉक प्रुइटांच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. एक त्यांची स्वतःची, चाकांची, बसून बसून एका बाजूला कललेली. दुसरी येणाऱ्यासाठी. कॉलेजने दिलेली लोखंडी खुर्ची मुलांना टोचेल म्हणून त्यांनी पदरचे पैसे घालून हिरव्या गादीची खुर्ची आणली होती. तीसेक वर्षांत त्या गादीला खळगा म्हणून पडला नाही. मला ठाऊक आहे, कारण दर उन्हाळ्यात ती खुर्ची मीच ओल्या फडक्याने पुसायचे, आणि पुसताना दर वेळी वाटायचं की आपण म्हातारे झालो, ही मेली अजून नवीकोरीच.

मी नेड्रा मुलिन्स. वेस्ट व्हर्जिनियात, बार्लो क्रीकच्या कॉलेजात, रसायनशास्त्राचं स्टोअर माझ्या ताब्यात होतं. मुलांना काचसामान द्यायचं, परत मोजून घ्यायचं आणि फोडलं की ओरडायचं. ओरडण्याचा वेगळा पगार नव्हता, तेवढं मी हौसेने करत असे.

डॉक ऑरगॅनिक, म्हणजे कार्बनचं रसायनशास्त्र, शिकवायचे. आमच्या डोंगरातल्या ज्या मुलाला डॉक्टर व्हायचंय, दातांचा डॉक्टर व्हायचंय किंवा औषधांच्या दुकानात पांढरा कोट घालून उभं राहायचंय, त्याला ऑरगॅनिकचा घाट चढावाच लागतो, आणि निम्म्यांची गाडी तिथेच बंद पडते. डॉक शिकवायचे छान. स्टोअरची खिडकी वर्गाच्या भिंतीतच होती, त्यामुळे मी इतकी वर्षं फुकट ऐकलं. इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते दाखवणारे वाकडे बाण फळ्यावर काढत सांगायचे, बाण नेहमी ज्याच्याकडे आहे तिथून निघतो आणि ज्याच्याकडे नाही तिकडे जातो. उलटा काढलात तर पुढचं सगळं चुकलं. मुलं हटकून उलटाच काढायची.

पण माणूस ओहायोच्या सपाट मुलखातला. बोलणं मोजकं, हसणं त्याहून मोजकं. बायको इर्मा इथे दोन हिवाळे राहिली. मग म्हणाली, या डोंगरांपायी सूर्य दुपारीच बुडतो आणि तुम्ही बोलत नाही, दोन्ही एकदम मला सोसवत नाही. ती माहेरी गेली ती गेलीच. डॉक राहिले. सगळं गाव रविवारी चर्चहून घरी जाऊन जेवायचं, तेव्हा डॉक कॉलेजच्या खानावळीत खिडकीपाशी बसून बीन्स आणि मक्याचा पाव खायचे. मी दोनदा जेवायला बोलावलं होतं. आले, नीट जेवले, आभार मानले आणि नवऱ्याने दुसऱ्यांदा कॉफी ओतायच्या आत निघून गेले.

पहिल्या दिवशी ते वर्गात एक पत्रक वाटायचे, 'माझ्या अपेक्षा आणि वर्गाचे नियम'. आमच्याकडे म्हणायचे, बायबलातला मोशे डोंगरावरून देवाच्या दहाच आज्ञा घेऊन उतरला, प्रुइटांना सात पानं लागली. उशीर झाला की दार बंद. डोळ्यांवर चष्मा चढवल्याशिवाय प्रयोगशाळेत पाऊल नाही. तो कसा चढवायचा, कधी काढायचा, कपाळावर का ठेवायचा नाही, यावर अर्धं पान. चुकलेली परीक्षा पुन्हा होणार नाही. सगळ्यांत वाईट गेलेली एक परीक्षा धरली जाणार नाही, तेव्हा आजी वारल्याचं कळवण्याचे कष्ट घेऊ नयेत. हा शेवटचा नियम उगाच नव्हता. परीक्षेच्या आठवड्यात आमच्या खोऱ्यात आज्या फार दगावतात. एका पोराची तर एकाच सत्रात दोनदा वारली, आणि ती बाई मला दर शनिवारी बाजारात धडधाकट भेटायची.

सातव्या पानाच्या तळाशी एक ओळ असे. 'ऑफिस अवर्स: मंगळवार, गुरुवार, दोन ते चार.' बाकी सगळ्याला फोड करून सांगणारा हा माणूस, इथे मात्र एवढंच लिहून थांबला होता.

आणि जगत होता तो त्या ओळीसाठी. मंगळवारी जेवण झालं की डॉक दार सताड उघडायचे आणि माझ्याकडून नेलेलं मोठं रबरी बूच खाली अडकवायचे, वाऱ्याने लागू नये म्हणून. कॉफी चढवायचे, दोन कप काढायचे. बटरस्कॉचच्या गोळ्यांची बरणी पुढे सरकवायचे. रेणू कसा दिसतो हे दाखवायचे रंगीत मणी आणि काड्या टेबलावर मांडायचे. एवढं सगळं झालं की तपासायचे पेपर समोर ओढून मान खाली घालून बसायचे. आपण कुणाची वाट बघत बसलोय असं कुणाला वाटू नये म्हणून. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच.

येणारे कोण, तर गावातल्या वकिलाचा मुलगा, बँकेच्या मॅनेजरची मुलगी. आईबाप कॉलेजात शिकलेली मुलं. तीही यायची ती दोन गुणांसाठी भांडायला, आणि भांडण उभ्यानेच व्हायचं. वरच्या खोऱ्यांतली, खाणकामगारांची पोरं एकही नाही. चार वाजले की डॉक बूच काढायचे, उरलेली कॉफी बेसिनमध्ये ओतायचे, हॅट घालायचे आणि इकडेतिकडे न बघता तरातरा गाडीकडे निघायचे. सत्र संपलं की गोळ्यांची बरणी सफाईवाल्याच्या पोरांकडे जायची.

एकदा न राहवून मी म्हटलं, बोलवा की एखाद्याला. डॉक म्हणाले, "बोलावल्यावर आलेला माणूस आलेला नसतो, नेड्रा. वेळ लिहून दिलीय. ज्याला हवं असतं तो येतो. कुणी येत नाही, त्याचा अर्थ सरळ आहे." तो सरळ अर्थ त्यांनी बरीच वर्षं उराशी धरला होता.

मग एका वर्षी मिस्टी लस्क आली. अगदी वरच्या खोऱ्यातली, जिथे रस्ता संपतो आणि ओढा सुरू होतो. बाप खाणीत रात्रपाळीला, आई शाळेच्या स्वयंपाकघरात. पोरगी हडकुळी, शांत, हात मात्र फार नेटके. तिने घेतलेलं काचसामान परत यायचं तेव्हा घेतल्याहून स्वच्छ असायचं, त्यामुळे मला ओरडायला जागाच मिळत नसे. तिला औषधशास्त्राला जायचं होतं. लस्कांच्या खोऱ्यात तोवर पांढरा कोट कुणी घातला नव्हता. पण पहिली परीक्षा वाईट गेली आणि दुसरी त्याहून. एक धरली जाणार नव्हती, दुसरी मात्र मानगुटीवर बसणार होती. गुण अमुक एवढ्याच्या खाली गेले की तिची शिष्यवृत्ती जायची, आणि शिष्यवृत्ती गेली की कॉलेजच संपायचं.

दुसऱ्या परीक्षेनंतर डॉक तिचा पेपर घेऊन माझ्या खिडकीशी आले. असं ते कधी करत नसत. म्हणाले, "ही लस्कांची मुलगी बघा. बाण एकही उलटा नाही. हिला दिसतं सगळं, शेवटच्या पायरीला तेवढी घाबरते आणि खोडते. त्या खुर्चीत एकदा बसली ना, तर पाऊण तासात सुटेल." मी म्हटलं, मग बसवा. ते पेपरची घडी घालत म्हणाले, येईल. वर्गात पुन्हा सांगितलंय, माझे ऑफिस अवर्स आहेत म्हणून.

त्या मंगळवारी त्यांनी ताजी कॉफी आणली होती.

आता बघा गंमत, गंमत म्हणायची तर. डॉकच्या दारापासून चार पावलांवर बोळ वळतो. वळणापलीकडे कोल्ड्रिंकचं मशीन आणि एक बाक. घरून न्यायला येणाऱ्या गाडीची वाट बघत मुलं तिथेच बसतात. मिस्टी मंगळवारी, गुरुवारी दोनला तिथे येऊन बसायची, मांडीवर पुस्तक, आणि चार वाजून गेले की उठून जायची. मी येताजाता बघायचे. मला वाटायचं, हिला न्यायला येणारा कुणी काकाबिका कामावरून उशिरा सुटत असेल. खोलीतून डॉकना बाक दिसत नव्हता, आणि बाकावरून मिस्टीला डॉकच्या दारातून बोळात पडलेला उजेड तेवढा दिसत होता.

ऑक्टोबर संपत आला. विषय सोडला तर त्याचे गुण धरत नाहीत, पण सोडायची शेवटची तारीख जवळ आली. त्या तारखेनंतर सुटका नाही, आणि सोडला तर त्या वर्षी परत घ्यायची सोय नाही. हा नियम करताना समितीत डॉक होते आणि सगळ्यांत ठाम तेच होते.

शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, मी रिकाम्या बाटल्यांची गाडी ढकलत बोळातून येत होते. चार वाजले होते. डॉक हॅट घालून निघाले आणि मिस्टी बाकावरून उठून पुढे झाली. हातात विषय सोडायचा कागद. म्हणाली, सर, सही हवी होती. डॉकनी कागद वाचला. पेन काढलं आणि थांबले. मी चांगली बघत होते, ते थांबले. तिने काही बोलावं म्हणून थांबले. ती त्यांनी काही विचारावं म्हणून थांबली. मशीन तेवढं घरघरत होतं. मग डॉकनी कागद भिंतीला टेकवून सही केली, म्हणाले, "शुभेच्छा, मिस लस्क," आणि तिने मान हलवली.

ती वळून गेल्यावर मला म्हणाले, "पाहिलंत? इतक्या दिवसांत एकदा माझ्याशी बोलायला आली, तेही निघून जायला." आणि ते जिन्याने न जाता आपल्या खोलीत परत गेले, दिवा न लावता.

दुसऱ्या दिवशी मिस्टी तिचा कप्पा परत करायला माझ्याकडे आली. विषय सोडला तरी काचसामान मोजून द्यावंच लागतं, तोही डॉकचाच नियम, पान चार. तिने एकेक वस्तू पुसून ओळीने मांडली होती. चंबू, नरसाळी, परीक्षानळ्या, आणि शेवटी तो प्लास्टिकचा चष्मा, त्याचा पट्टासुद्धा धुतलेला. ते बघून मला राग आला. कुणाचा आला ते कळेना, म्हणून मी तिच्यावरच काढला.

"सोडतेस कशाला गं? डोकं आहे की तुला."

"डोक्यात शिरत नाही, मिस नेड्रा."

"डॉक तर म्हणतात, शिरतं. म्हणतात, एक बाण उलटा नाही पोरीचा."

तिने मान वर केली. "सर म्हणाले? माझ्याबद्दल?"

"मग! त्यांच्याकडे एकदा जाऊन बसली असतीस तर काय झिजली असतीस?"

"जातच होते की," ती म्हणाली. "दर मंगळवारी नि गुरुवारी. पण ते त्यांचे ऑफिस अवर्स ना. कागदावरच लिहिलंय. त्या वेळात सर काम करत असायचे, मान खाली घालून. दार उघडं असायचं, म्हणून मी पाय न वाजवता पुढे जायची. बाकावर बसायची, म्हटलं त्यांचं काम संपलं की विचारू. पण चार वाजले की ते इतक्या घाईनं निघायचे. मला वाटायचं, दमलेत, जाऊ दे बिचाऱ्यांना घरी."

माझ्या हातात नरसाळं होतं ते मी खाली ठेवलं, नाहीतर माझ्याच हातून फुटलं असतं. म्हटलं, "अगं बाई, ऑफिस अवर्स म्हणजे तुमच्यासाठीच असतात ते. तुम्ही यावं म्हणून."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी चेष्टा करतेय का ते ताडत होती बहुतेक. मग हळूच म्हणाली, "आमच्याकडे ऑफिसात कुणी आपणहून जात नाही. पॅपॉ, माझे आजोबा, चाळीस वर्षं खाणीत होते. ते सांगायचे, ऑफिसात माणूस दोनदाच जातो, काम मागायला आणि काम गेलं हे ऐकायला. मॅमॉ, आजी, तर एकदाच गेली. खाणीचं छत कोसळलं तेव्हा तिला बोलावलं होतं."

मी त्या कॉलेजात जन्म काढला म्हणून मला त्या शब्दाचा अर्थ ठाऊक होता. मला तो कुणी सांगितला असेल, आठवत नाही. तिला कोण सांगणार होतं? तिचा कागद सकाळीच कचेरीत जमा झाला होता. चष्मा तिथेच ठेवून ती गेली.

मी तशीच वर गेले. डॉक पेपर तपासत होते. मी येणाऱ्याच्या खुर्चीत बसले, पहिल्यांदाच, आणि सगळं सांगितलं. बाकापाशी आले तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. खाणीच्या ऑफिसपाशी आले तेव्हा उठून खिडकीशी गेले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

तिथूनच म्हणाले, "मला वाटायचं, मी या मुलांना आवडत नाही."

मी म्हटलं, "आणि त्यांना वाटायचं, ती तुम्हाला आवडत नाहीत. फिटंफाट."

ते हसले नाहीत. माझाही हसवायचा बेत नव्हता. म्हणाले, "मी बाण उलटा काढला, नेड्रा. आयुष्यभर." मला उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण आमच्यात तशी रीत नव्हती. मी बटरस्कॉचची एक गोळी घेतली आणि खात बसले. कुणीतरी खायला हवी होती.

नियम डॉकनीच केलेला, त्यामुळे तो मोडून द्या म्हणून ते डीनकडे गेले तेव्हा डीननी त्यांचंच बोलणं त्यांना वाचून दाखवलं. मिस्टी त्या वर्षी वर्गात परत येऊ शकली नाही.

सोमवारी त्यांनी खडू हातात घेऊन वर्गाला विचारलं, ऑफिस अवर्स म्हणजे काय, कोण सांगेल? शेवटी मागच्या रांगेतला एक जाडजूड पोरगा म्हणाला, "तुम्हाला त्रास द्यायचा नाही ती वेळ, सर." वर्गातल्या माना हलल्या. फक्त वकिलाचा मुलगा तेवढा चकित होऊन मागे वळला. डॉक फळ्याकडे तोंड करून उभे राहिले. मग वळून म्हणाले, "ती वेळ तुमची आहे. त्या वेळात मी काही करत नसतो. तुमची वाट बघत असतो." एवढं बोलायला त्यांना तीस वर्षं लागली, आणि बोलून झाल्यावर त्यांनी शिकवायला सुरुवात केली.

मंगळवारी बोळात उभं राहायला जागा नव्हती. हिरव्या खुर्चीत दोघं दोघं, काही जमिनीवर, बरणी तासाभरात रिकामी. कप कमी पडले म्हणून माझ्याकडून बीकर मागायला आले; मी प्रयोगशाळेच्या भांड्यातून पिण्याच्या नियमाचं पान दाखवून हाकलून दिलं आणि माझे स्वतःचे कप दिले. डॉक मणी आणि काड्या फिरवून दाखवत होते. चेहरा उजळला होता, नाही कशाला म्हणू. पण बोलता बोलता मध्येच थांबून ते दाराकडे बघायचे. वळणापलीकडच्या बाकावर कुणी नव्हतं. चार वाजता मुलं गेल्यावर ते त्या बाकावर जाऊन बसले, हॅट मांडीवर घेऊन, आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. ते त्यांचं नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वर्षी ऑरगॅनिक दुसरंच कुणी शिकवणार होतं.

जानेवारीत मी रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गावातल्या औषधांच्या दुकानात गेले. गल्ल्यावर मिस्टी होती, निळा एप्रन घालून. तिच्या पाठीमागे उंच काउंटरवर औषधवाले पांढरा कोट घालून गोळ्या मोजत होते. आणि शुभेच्छापत्रांच्या मांडणीपाशी डॉक उभे. हातात गुलाबी कार्ड, 'लाडक्या नातीस'.

"डॉक, तुम्हाला नात कधी झाली?" मी विचारलं.

त्यांनी घाईने कार्ड ठेवून दिलं. म्हणाले, "थांबलोय जरा. तिचं काम चाललंय. संपलं की बोलेन."

"किती वेळ झाला?"

त्यांनी दुसरं कार्ड उचललं. दुकानात सामान लावणाऱ्या मुलाला मी नंतर विचारलं, तो म्हणाला, कालही आले होते, दुकान बंद होईपर्यंत कार्डं वाचून गेले. एवढी सात पानं लिहिणारा माणूस, पण चार पावलं पुढे जायची त्याला भीती वाटत होती.

मी काही करायच्या आत मिस्टीनेच मान वर केली. पुढे दोन गिऱ्हाइकं उभी होती, मागे मी. ती गल्ल्यावरून वाकून म्हणाली, "सर, तिथे का उभे? काम चालू असतानाच यायचं असतं. वर्गात तुम्हीच सांगितलंत म्हणे."

डॉक पुढे आले. गिऱ्हाइकांनी आपोआप वाट दिली. कोटाच्या खिशातून त्यांनी ते मणी आणि काड्या काढल्या, गल्ल्यावर ठेवल्या आणि म्हणाले, "सप्टेंबरमध्ये तू ऑरगॅनिकला पुन्हा नाव घालणार आहेस. शिकवणार दुसरंच कुणी, पण तोवर मी आहे. शेवटच्या पायरीला तू खोडतेस, तेवढं फक्त बघू." मिस्टीने एकदा मागे पांढऱ्या कोटाकडे पाहिलं. मग एप्रनला हात पुसले आणि एक काळा मणी उचलला.

त्या दिवशी मला माझ्या गोळ्या मिळायला फार उशीर झाला, आणि मी ओरडले नाही.